व्हॉल्यूम ग्रुप स्नॅपशॉट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या हॉस्पिटलांतून, कळमन्यातल्या अडत दुकानांतून, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांतून आणि मिहानमधल्या कंपन्यांतून सर्व्हर सांभाळणारी मंडळी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. थेट मधल्या एखाद्या प्रश्नावर आलात तरी चालेल. जिथे दुसरं उत्तर वाचणं गरजेचं आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रुप स्नॅपशॉट म्हणजे नेमकं काय? एकेका व्हॉल्यूमचा वेगळा घेतला तर काय बिघडतं?

व्हॉल्यूम म्हणजे सर्व्हरला एक डिस्क म्हणून दिसणारा साठ्याचा भाग आणि स्नॅपशॉट म्हणजे त्याची एका क्षणाची गोठवलेली प्रत. अनेक व्हॉल्यूमचा एकाच क्षणी, एकाच हुकमाने घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे ग्रुप स्नॅपशॉट. स्टोरेजच्या भाषेत त्या व्हॉल्यूमच्या गटाला कन्सिस्टन्सी ग्रुप म्हणतात. काही कंपन्या व्हॉल्यूम ग्रुप किंवा प्रोटेक्शन ग्रुप असंही नाव देतात.

एका अडत दुकानाचं उदाहरण घ्या. संत्र्याच्या लिलावाच्या नोंदी एका व्हॉल्यूमवर, डेटाबेसचा लॉग (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) दुसऱ्यावर आणि काटापट्टीचे फोटो तिसऱ्यावर आहेत. स्क्रिप्टने सकाळी ९:३०:०० ला पहिल्याचा स्नॅपशॉट घेतला, ९:३०:०३ ला दुसऱ्याचा आणि ९:३०:०६ ला तिसऱ्याचा. मधल्या सहा सेकंदांत दोन हिशेबपट्ट्या तयार झाल्या. फोटो आले, पण नोंदी आल्या नाहीत. लॉगमध्ये एक पट्टी दिसते, दुसरी नाही. प्रत्येक स्नॅपशॉट स्वतःपुरता निर्दोष आहे. पण तिन्ही एकत्र जोडल्यावर जो क्षण तयार होतो, तो त्या दुकानात कधी आलाच नव्हता. असा क्षण परत आणल्यावर डेटाबेस उठला नाही तर निदान कळतं तरी. उठला आणि चुकीचा हिशेब दाखवत राहिला, तर शेतकऱ्याच्या पट्टीत फरक पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

२. क्रॅश-कन्सिस्टंट आणि अ‍ॅप्लिकेशन-कन्सिस्टंट यांत फरक काय?

क्रॅश-कन्सिस्टंट म्हणजे त्या क्षणी मशीनची वायर ओढली असती तर डिस्कवर जे राहिलं असतं, तेच. मेमरीत असलेलं आणि अजून डिस्कवर न उतरलेलं त्यात नसतं. मात्र सगळ्या व्हॉल्यूमवरचा राइटचा, म्हणजे डिस्कवर लिहिण्याचा, क्रम शाबूत असतो.

अ‍ॅप्लिकेशन-कन्सिस्टंटमध्ये स्नॅपशॉटच्या आधी डेटाबेसला सांगितलं जातं, तो मेमरीतला मजकूर उतरवतो, नवे राइट थांबवतो, स्नॅपशॉट होतो आणि काम पुन्हा सुरू होतं. या दोहोंच्या मध्ये फाइल-सिस्टिम-कन्सिस्टंट असा एक प्रकार आहे. त्यात फाइल सिस्टिम शांत केलेली असते, पण डेटाबेसला काही सांगितलेलं नसतं.

ग्रुप स्नॅपशॉट तुम्हाला यातली पहिली पायरी पक्की करून देतो. वरच्या पायऱ्या तुम्हाला स्वतः चढाव्या लागतात (प्रश्न ७, ८ आणि ९).

३. आमचा डेटाबेस एकाच डिस्कवर आहे. आम्हाला ग्रुप लागेल का?

सहसा नाही. एका व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट मुळातच एका क्षणाचा असतो. मात्र 'एकच डिस्क' हे नीट तपासा. क्लाउडवरच्या चार डिस्क जोडून एक मोठा व्हॉल्यूम केला असेल, तर आतून दिसायला एक असलं तरी स्टोरेजच्या दृष्टीने ते चार आहेत. अशा पट्ट्या-पट्ट्यांच्या रचनेत चार डिस्कचे स्नॅपशॉट एका सेकंदाच्या फरकाने घेतले, तरी फाइल सिस्टिमच फुटू शकते. तिथे ग्रुप हवाच.

४. रोज रात्री तिन्ही डिस्कचे स्नॅपशॉट घेऊन राहिलो, सगळे 'यशस्वी' दाखवते. मग रिस्टोअर केल्यावर पोस्टग्रेस का उठत नाही?

कारण 'यशस्वी' हा शेरा एकेका स्नॅपशॉटपुरता आहे. त्यांच्यातल्या नात्याची हमी कुणीच दिलेली नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मगच डेटाच्या पानांवर. चेकपॉइंट झाला की 'इथपर्यंतचं सगळं पानांवर उतरलं आहे' अशी नोंद कंट्रोल फाइलमध्ये होते. ही फाइल डेटाच्या व्हॉल्यूमवर असते. आता लॉगचा स्नॅपशॉट आधी आणि डेटाचा नंतर घेतला, आणि मधल्या वेळात चेकपॉइंट झाला, तर कंट्रोल फाइल अशा नोंदीकडे बोट दाखवते जी लॉगच्या प्रतीत नाहीच. मग वैध चेकपॉइंट सापडला नाही असं सांगून सर्व्हर बंद पडतो. चेकपॉइंट झाला नसेल तर प्रकरण जास्त वाईट. काही पानं लॉगच्या टोकाच्या पुढची असतात. सर्व्हर कदाचित उठतो आणि चूक नंतर, भलत्याच वेळी वर येते.

उलट क्रमाने, म्हणजे डेटा आधी आणि लॉग शेवटी घेतला, तर बऱ्याचदा निभतं, कारण जुन्या चेकपॉइंटपासून पुढचा लॉग पुन्हा चालवता येतो. पण मधल्या वेळात जुन्या लॉग फाइलींचा पुनर्वापर झाला असेल, तर हवा असलेला तुकडाच उरत नाही. क्रम बदलून नशिबावर सोडण्यापेक्षा दोन खात्रीचे मार्ग आहेत: ग्रुप स्नॅपशॉट किंवा प्रश्न १४ मधली पद्धत.

आणि एक महत्त्वाचं. असं झाल्यावर लॉग रीसेट करणारी कमांड चालवून सर्व्हर 'उठवला' की काम झालं असं समजू नका. त्या कमांडने तपासणी बंद होते, विसंगती तशीच राहते. तशा सर्व्हरमधून फक्त डेटा डंप करून बाहेर काढा आणि तो तपासून नव्या डेटाबेसात भरा.

५. स्टोरेज बॉक्स हे 'एकाच क्षणी' कसं जमवतो?

ग्रुपमधल्या सगळ्या व्हॉल्यूमवर येणारे नवे राइट तो क्षणभर रोखतो, सगळीकडे खूण करतो आणि राइट सोडतो. डेटाबेसच्या दृष्टीने तेवढा वेळ डिस्क हळू झालेली असते. त्यामागचं तत्त्व सोपं आहे: लॉगचा राइट पूर्ण झाल्याची पोच मिळाल्याशिवाय डेटाबेस त्यावर अवलंबून असलेला पुढचा राइट पाठवतच नाही. त्यामुळे पोच रोखली की अवलंबून असलेली सगळी साखळी आपोआप थांबते.

ही रोखण्याची मुदत अमर्याद नसते. नेटअ‍ॅपच्या जुन्या ग्रुप-स्नॅपशॉट आज्ञेत २, ७ आणि २० सेकंद असे तीन पर्याय आहेत. तेवढ्या वेळात सगळ्या व्हॉल्यूमवर खूण झाली नाही, तर ग्रुप स्नॅपशॉट रद्द होतो. रद्द होणं हे चांगलं लक्षण आहे. अर्धवट स्नॅपशॉट जपून ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा. वारंवार रद्द होत असेल तर ग्रुप फार मोठा आहे का आणि त्याच वेळी दुसरं जड काम चालू आहे का, हे आधी बघा.

६. ग्रुपमध्ये नेमके कोणते व्हॉल्यूम टाकायचे?

जास्तीत जास्त चुका याच ठिकाणी होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

कसोटी अशी: एका व्यवहाराच्या खुणा ज्या ज्या व्हॉल्यूमवर पडतात, ते सगळे एका ग्रुपमध्ये. हॉस्पिटलमध्ये रुग्णाची भरती झाली, तर एक ओळ डेटाबेसात जाते, एक नोंद लॉगमध्ये, एक्स-रेची फाइल वेगळ्या व्हॉल्यूमवर आणि बिलाचा निरोप रांगेत. चारही एकत्र हवेत.

यादी आठवणीवरून करू नका, मशीनकडून घ्या. लिनक्सवर एलएसबीएलके आणि फाइंडमाउंट या दोन कमांडचं आउटपुट शेजारी ठेवा. मग डेटाबेसला विचारा: डेटाचा फोल्डर कुठे, लॉग कुठे, टेबलस्पेस (टेबलांच्या फाइलींची वेगळी जागा) कुठे, मायएसक्यूएल असेल तर बिनलॉग (त्याचा बदलांचा लॉग) कुठे. डेटाच्या फोल्डरमधल्या सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) खास शोधा. जागा संपत आली म्हणून कुणीतरी दोन वर्षांपूर्वी एक टेबलस्पेस दुसऱ्या डिस्कवर हलवून लिंक ठेवलेली असते आणि ती डिस्क कोणत्याच बॅकअपमध्ये नसते. शेवटी अ‍ॅप्लिकेशनची सेटिंग फाइल उघडून अपलोड कुठे जातात ते पाहा.

काय टाकायचं नाही: स्वॅप, तात्पुरत्या फाइलींची डिस्क, एसक्यूएल सर्व्हरचा टेम्पडीबी (तो दर वेळी सुरू होताना नव्याने तयार होतो) आणि ज्या डिस्कवर बॅकअपच साठवला जातो ती. ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क शक्यतो वेगळ्या वेळापत्रकात ठेवा. सगळंच एका ग्रुपमध्ये कोंबलं की रोखण्याची वेळ वाढते आणि परत आणताना नको ते मागे जातं.

ओरॅकलसाठी वेगळा नियम आहे, तो प्रश्न १८ मध्ये.

७. लिनक्सवर आपल्या हाताने फ्रीझ करून स्नॅपशॉट घ्यायचा असेल तर पायऱ्या कोणत्या?

ही पद्धत स्टोरेज बॉक्सच्या किंवा क्लाउडच्या स्नॅपशॉटसाठी आहे. एलव्हीएमसाठी (लिनक्सची डिस्क जोडण्या-वाटण्याची सोय) प्रश्न १० पाहा.

१) डेटाबेसला चेकपॉइंट करायला सांगा. त्यामुळे रिस्टोअरनंतर उठायला कमी वेळ लागतो.
२) सुटकेची सोय आधी करा: ३० सेकंदांनी सगळ्या माउंट (जोडलेल्या फाइल सिस्टिम) आपोआप सोडणारी एक प्रक्रिया पार्श्वभूमीत चालू ठेवा.
३) एफएसफ्रीझ कमांडने एकेक माउंट गोठवा.
४) सगळ्या गोठल्यानंतरच स्नॅपशॉटचा हुकूम द्या.
५) हुकमाची पोच मिळताच सगळ्या माउंट सोडा. क्लाउडवर स्नॅपशॉट 'प्रलंबित' दिसला तरी क्षण निश्चित झालेला असतो. डेटा पूर्ण कॉपी होईपर्यंत गोठवून ठेवू नका.
६) प्रत्येक माउंट खरंच सुटली का, हे एक लहान फाइल लिहून तपासा.

एकामागून एक गोठवल्याने क्रम बिघडत नाही का, असं विचारलं जातं. नाही बिघडत. पहिली माउंट गोठल्यावर तिच्यावर अवलंबून असलेला राइट दुसरीवर जाऊच शकत नाही. कारण प्रश्न ५ मधलंच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मूळ (रूट) फाइल सिस्टिम, म्हणजे जिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम चालते ती, गोठवणं. स्क्रिप्ट आपला लॉग तिच्यावर लिहायला जाते, अडकते आणि सोडण्याची कमांड कधी चालतच नाही. मग बटण दाबून मशीन बंद करण्यावाचून मार्ग राहत नाही. स्क्रिप्टचा लॉग ज्या माउंटवर जातो, तीही गोठवायच्या यादीत असता कामा नये.

८. विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हरवर काय करायचं?

तिथे व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस म्हणजे व्हीएसएस ही व्यवस्था आहे. ती एकाच वेळी अनेक व्हॉल्यूमचा संच घेऊ शकते आणि एसक्यूएल सर्व्हरचा रायटर (व्हीएसएसशी बोलणारा त्याचा घटक) डेटाबेसला थांबवतो-सोडतो. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये सगळे ड्राइव्ह एकाच कामात निवडा. डी ड्राइव्हचं एक काम आणि ई ड्राइव्हचं दुसरं काम असं केलं की पुन्हा प्रश्न १ मधला गोंधळ.

मर्यादा दोन: रायटर जास्तीत जास्त ६० सेकंद थांबून राहतात आणि प्रत्यक्ष राइट रोखण्याची मुदत १० सेकंद असते. डिस्कवर भार असेल तर मुदत उलटते आणि काम अपयशी ठरतं. व्हीएसएसअ‍ॅडमिनने रायटरची यादी काढून कोणता रायटर चुकीच्या स्थितीत आहे ते पाहा. बहुतेक वेळा त्या रायटरची सेवा पुन्हा सुरू केल्यावर काम होतं.

एसक्यूएल सर्व्हर २०२२ पासून व्हीएसएसशिवायही, थेट आज्ञेने, डेटाबेस स्नॅपशॉटसाठी थांबवता येतो आणि फक्त मेटाडेटाचा छोटा बॅकअप घेऊन तो स्नॅपशॉटशी जोडता येतो. अनेक डेटाबेस एकत्र थांबवण्याचीही सोय आहे.

ज्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं रायटर नाही आणि जे डेटा साध्या फाइलींत ठेवतं, त्याच्यासाठी व्हीएसएस फार काही करू शकत नाही. सगळ्यांना बाहेर यायला सांगून, ते बंद करून स्नॅपशॉट घ्या.

९. मायएसक्यूएलमध्ये रीड लॉक घेतला होता, तरी डेटा जुळत नाही. का बरं?

लॉक ज्या जोडणीने घेतला, ती तुटली की लॉक सुटतो. स्क्रिप्टमध्ये एका ओळीत लॉकची कमांड आणि पुढच्या ओळीत स्नॅपशॉट असेल, तर पहिली ओळ संपतानाच लॉक गेलेला असतो. एकच जोडणी उघडी ठेवून तिच्यातूनच स्नॅपशॉट चालवा आणि मग लॉक सोडा.

तसं पाहिलं तर सगळी टेबलं इनोडीबीची (लॉग लिहिणाऱ्या प्रकारची) असतील आणि डेटा, रीडू लॉग (बदल पुन्हा चालवण्याचा लॉग), बिनलॉग एकाच ग्रुपमध्ये असतील, तर लॉकशिवायही चालतं. वीज गेल्यावर उठतो तसा तो उठतो. मायआयसॅमची (असा लॉग नसलेल्या जुन्या प्रकारची) टेबलं शिल्लक असतील तर मात्र लॉक हवाच. आणि लॉक मागताना एखादा तासभर चालणारा रिपोर्ट सुरू असेल, तर लॉक त्याच्या मागे अडकतो आणि लॉकच्या मागे अख्खं ऑफिस. लॉकला वेळेची मर्यादा घाला.

१०. एलव्हीएम, झेडएफएस, बीटीआरएफएस यांत ग्रुपची सोय आहे का?

झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये आहे, आणि छान आहे. एका पूलमधल्या (डिस्कच्या एका साठ्यातल्या) डेटासेटचा रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या सगळ्यांसकट, स्नॅपशॉट एकाच अविभाज्य क्रियेत होतो. दोन वेगळ्या पूलमध्ये मात्र ही हमी नाही.

एलव्हीएममध्ये स्नॅपशॉट एका लॉजिकल व्हॉल्यूमचा. तो घेताना त्यावरची फाइल सिस्टिम एलव्हीएम स्वतः क्षणभर गोठवतं, पण प्रत्येक व्हॉल्यूमचा क्षण वेगळा. उपाय दोन: डेटा आणि लॉग एकाच लॉजिकल व्हॉल्यूममध्ये ठेवा, किंवा डेटाबेस मिनिटभर बंद करून सगळ्यांचे स्नॅपशॉट घ्या आणि सुरू करा. जुन्या पद्धतीच्या एलव्हीएम स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो स्नॅपशॉट निकामी होतो, हेही ध्यानात ठेवा.

बीटीआरएफएसमध्ये स्नॅपशॉट आतल्या सबव्हॉल्यूममध्ये उतरत नाही. प्रतीत तिथे नुसता रिकामा फोल्डर दिसतो.

११. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेतला की सगळ्या डिस्क आल्या ना?

व्हीएमवेअरमध्ये एका मशीनच्या साध्या व्हर्च्युअल डिस्क एकत्र येतात. येत नाहीत त्या अशा: इंडिपेंडंट (स्नॅपशॉटमधून वगळलेल्या) म्हणून जोडलेल्या डिस्क, फिजिकल मोडमधले रॉ मॅपिंग (मशीनला थेट दिलेले स्टोरेजचे व्हॉल्यूम) आणि मशीनच्या आतून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीने) थेट स्टोरेजला जोडलेले व्हॉल्यूम. डेटाबेसचा मोठा व्हॉल्यूम अनेकदा नेमका यांतलाच असतो.

१२. लाइट गेल्यावर आमचा सर्व्हर नीट उठतो. मग क्रॅश-कन्सिस्टंट पुरेसा नाही का?

लॉग लिहिणाऱ्या डेटाबेससाठी, सगळे व्हॉल्यूम एका ग्रुपमध्ये असताना, बहुतांशी पुरेसा आहे. फाइल-आधारित सॉफ्टवेअरसाठी नाही.

एक अट मात्र आहे. रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) कॅशे चालू आणि तिची बॅटरी मेलेली असेल, तर 'लिहिलं' म्हणून दिलेली पोच खोटी ठरू शकते आणि मग वीज गेल्यानंतरचा क्रमही भरवशाचा राहत नाही. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी रात्री बंद करण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. मार्च संपायच्या आत कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती तपासून घ्या. बॅटरी खराब असेल तर कॅशे राइट-थ्रूवर (डिस्कवर उतरल्यावरच पोच) टाका. वेग कमी होईल, डेटा राहील.

१३. क्लाउडवर आणि क्युबरनेट्सवर ही सोय कशी मिळते?

एडब्ल्यूएसने मे २०१९ मध्ये एका इन्स्टन्सला (क्लाउडवरच्या मशीनला) जोडलेल्या सगळ्या ईबीएस व्हॉल्यूमचा (त्यांच्या क्लाउड डिस्कचा) एकत्र, क्रॅश-कन्सिस्टंट स्नॅपशॉट घेण्याची सोय दिली. मूळ (बूट) डिस्क वगळता येते. संचातला एक स्नॅपशॉट फसला तर बाकीच्यांनाही त्रुटीची खूण लागते, म्हणजे अर्धा संच 'यशस्वी' समजला जात नाही. घेतल्यानंतर मात्र प्रत्येक स्नॅपशॉट स्वतंत्र असतो. कोण कोणाच्या संचातला, हे ओळखायला टॅग लावाच. टॅगमध्ये संचाचा क्रमांक, मशीनचं नाव आणि मूळ माउंटची जागा एवढं हवं. इन्स्टन्स स्टोअरच्या (मशीनसोबतच्या तात्पुरत्या) डिस्क यात येत नाहीत.

वेळापत्रक लावताना घड्याळ पाहा. क्लाउडचं वेळापत्रक बहुधा यूटीसीत असतं आणि आपण साडेपाच तास पुढे. रात्री ११:३० हवे असतील तर १८:०० लिहावं लागतं. २३:३० लिहिलं तर स्नॅपशॉट पहाटे ५ वाजता निघतो, म्हणजे नेमका कळमन्यात दिवस सुरू व्हायच्या सुमारास.

क्युबरनेट्स या कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत व्हॉल्यूमग्रुपस्नॅपशॉट १.२७ आवृत्तीत, २०२३ मध्ये, अल्फा म्हणून आला आणि डिसेंबर २०२४ च्या १.३२ मध्ये बीटा झाला. पीव्हीसींना (पॉडच्या, म्हणजे चालत्या कंटेनरच्या, व्हॉल्यूमच्या मागण्यांना) एक समान लेबल लावायचं आणि ग्रुप स्नॅपशॉटमध्ये ते लेबल निवडायचं. तीन गोष्टी अडवतात: सीएसआय ड्रायव्हरला (क्युबरनेट्सला स्टोरेजशी जोडणाऱ्या दुव्याला) ही क्रिया येत नसणं, स्नॅपशॉटरच्या साइडकारमध्ये (सोबतच्या कंटेनरमध्ये) हे वैशिष्ट्य चालू केलेलं नसणं, आणि एका ग्रुपमध्ये दोन वेगळ्या ड्रायव्हरचे व्हॉल्यूम असणं. ग्रुपमधून परत आणताना प्रत्येक पीव्हीसी आपापल्या स्नॅपशॉटपासून वेगळी तयार करावी लागते. सगळ्या तयार झाल्याशिवाय पॉड सुरू करू नका. आणि लेबलावर सगळं अवलंबून असल्यामुळे, नव्या पीव्हीसीला लेबल लावायचं राहिलं तर ती गुपचूप बाहेर राहते.

१४. आमच्या स्टोरेजमध्ये ग्रुपची सोयच नाही. काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो जुना व भक्कम आहे: डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप मोडमध्ये स्नॅपशॉट घ्या आणि लॉगचं आर्काइव्ह अखंड ठेवा. पोस्टग्रेसमध्ये पीजी_बॅकअप_स्टार्ट (१५ च्या आधी त्याचं नाव पीजी_स्टार्ट_बॅकअप होतं) आणि शेवटी पीजी_बॅकअप_स्टॉप. मधल्या वेळात व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट वेगवेगळ्या क्षणी झाले तरी चालतात, कारण लॉग पुन्हा चालवल्यावर सगळे एका बिंदूवर येतात. तीन अटी पाळा: सुरुवात आणि शेवट एकाच जोडणीतून, स्टॉपने परत दिलेला लेबलचा मजकूर बॅकअपसोबत जपायचा, आणि मधला एकही लॉग गमवायचा नाही.

यातून डेटाबेस सावरतो. डेटाबेसच्या बाहेरच्या फाइली, म्हणजे फोटो आणि एक्स-रे, लॉगमध्ये नसतात. त्यांचा स्नॅपशॉट डेटाबेसच्या नंतर घ्या. जास्तीची फाइल अनाथ पडून राहते, त्याने नुकसान होत नाही. नोंद आहे आणि फाइल नाही, हे मात्र महागात पडतं.

१५. दोन सर्व्हर, दोन वेगळे स्टोरेज बॉक्स. त्यांचा एक ग्रुप होईल का?

साधारणपणे ग्रुप एका बॉक्सच्या बाहेर जात नाही. दोन्हीकडे एकाच मिनिटाला स्नॅपशॉट लावणं म्हणजे ग्रुप नव्हे. घड्याळं एनटीपीने जुळवली तरी मिलिसेकंदांचा फरक राहतो आणि तेवढ्यात शेकडो राइट होतात. व्यवहार्य मार्ग असा: अ‍ॅप्लिकेशन काही सेकंद थांबवा, दोन्हीकडचे स्नॅपशॉट घ्या, मग सोडा. थांबवणं शक्य नसेल तर दोन्ही डेटाबेस लॉगच्या आधारे एकाच वेळेपर्यंत परत आणा आणि फरक अ‍ॅप्लिकेशनच्या पातळीवर जुळवून घ्या.

१६. ग्रुप स्नॅपशॉट आहेत, म्हणजे बॅकअप झालाच ना? मुंबईला रेप्लिकेशनही (सतत प्रत पाठवणं) आहे.

स्नॅपशॉट त्याच बॉक्सवर असेपर्यंत तो बॅकअप नव्हे. बॉक्स जळाला किंवा अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोराच्या हाती गेला, की मूळ आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात. संच दुसरीकडे कॉपी करा आणि ठराविक काळ पुसता येणार नाही असा लॉक लावा. कंपन्यांसाठी कायद्याचीही बाजू आहे: कंपनी (लेखे) नियम, २०१४ मध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा. क्लाउड वापरत असाल तर मुंबई किंवा हैदराबादसारखं भारतातलं रीजन निवडलं आहे ना, पाहा.

रेप्लिकेशनमध्ये सिंक्रोनस पर्याय (पलीकडून पोच आल्यावरच राइट पूर्ण) नागपूर-मुंबई अंतराला परवडत नाही. प्रकाश फायबरमधून एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद घेतो. केबल समृद्धी महामार्गाएवढी, म्हणजे ७०१ किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात, आणि ते प्रत्येक राइटवर. म्हणून असिंक्रोनस. तिथेही ग्रुप हवा: व्हॉल्यूम वेगवेगळे पाठवले तर लॉग पुढे आणि डेटा मागे अशी अवस्था पलीकडे तयार होते. रेप्लिकेशन चूकही इमानाने पोचवतं; इथे चुकून पुसलेलं टेबल काही क्षणांत तिथेही पुसलेलं असतं.

१७. संच बरोबर आहे हे तपासायचं कसं? आणि त्यातला एकच व्हॉल्यूम परत आणला तर चालेल का?

तपासणी एकच: वेगळ्या मशीनवर संपूर्ण संच जोडा आणि डेटाबेस उठवा. उठताना लॉग पुन्हा चालवल्याच्या ओळी दिसणं स्वाभाविक आहे, त्रुटी दिसणं नाही. मग आतली तपासणी: पोस्टग्रेसला पीजी_एएमचेक, एसक्यूएल सर्व्हरला डीबीसीसी चेकडीबी. त्यानंतर व्हॉल्यूममधलं नातं तपासा. ज्या टेबलात फाइलींचे पत्ते आहेत, त्यातल्या शेवटच्या तासाच्या सगळ्या ओळी काढा आणि प्रत्येक फाइल खरंच आहे का, तिचा आकार जुळतो का, हे स्क्रिप्टने पाहा. विसंगती असली तर ती याच शेवटच्या ओळींत सापडते. महिन्यातून एकदा आणि डिस्कच्या रचनेत प्रत्येक बदलानंतर हे करा.

नवी डिस्क जोडली की ती ग्रुपमध्ये आपोआप येत नाही. रोज फाइंडमाउंटची यादी आणि ग्रुपची यादी ताडून फरक असल्यास मेसेज पाठवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. जुन्या संचात ती डिस्क नसणारच. त्या तारखेला परत जाताना टेबलस्पेसही जुन्या जागी होती का, हे पाहावं लागतं.

एकच व्हॉल्यूम मूळ जागी परत आणू नका. त्याने प्रश्न ४ मधली स्थिती तुम्ही आपल्या हाताने तयार करता. एखादी पुसलेली फाइल हवी असेल, तर स्नॅपशॉटची प्रत वेगळ्या जागी, फक्त वाचण्यासाठी जोडा आणि फाइल उचला. त्याच मशीनवर जोडताना एक्सएफएस नकार देतं, कारण दोन्हींचा यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) एकच असतो. नोयूयूआयडी हा पर्याय देऊन माउंट करा. एलव्हीएम असेल तर त्याच्या स्वतःच्या व्हॉल्यूम ग्रुपची (एलव्हीएममध्ये हे नाव डिस्कच्या संचाचं) आयडेंटिटी आधी व्हीजीइम्पोर्टक्लोनने बदला.

१८. ओरॅकलवाले सांगतात रीडू लॉग वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवा. मग 'सगळे एकत्र' या नियमाचं काय?

दोन्ही बरोबर आहेत, हेतू वेगळे आहेत. सगळा डेटाबेस स्नॅपशॉटच्या क्षणी परत न्यायचा असेल, तर डेटाफाइल, कंट्रोल फाइल आणि ऑनलाइन रीडू एकाच ग्रुपमध्ये हवेत.

पण समजा दुपारी तीनला डेटाफाइल खराब झाल्या आणि तुम्हाला रात्रीच्या डेटाफाइल आणून दुपारी तीनपर्यंतचा लॉग चालवायचा आहे. एकच ग्रुप असेल तर परत आणताना आजचे चांगले रीडू लॉगही रात्रीच्या प्रतीखाली गाडले जातात आणि दिवसभराचे शेवटचे व्यवहार कायमचे जातात. म्हणून डेटाफाइलचा एक ग्रुप, आणि रीडू, कंट्रोल फाइल व आर्काइव्ह यांचा दुसरा. आधी डेटाफाइलच्या ग्रुपचा स्नॅपशॉट, मग चालू लॉग आर्काइव्ह करायला लावणं, मग दुसऱ्या ग्रुपचा.

अशा वेळी डेटाफाइलच्या स्नॅपशॉटपुरता बिगिन बॅकअप (डेटाबेसचा बॅकअप मोड) लावावा, किंवा १२सी पासून पुढे तो न लावता रिकव्हरीच्या आज्ञेत स्नॅपशॉटची वेळ द्यावी. दुसऱ्या मार्गासाठी स्टोरेजने राइटचा क्रम राखलेला असला पाहिजे आणि स्नॅपशॉट पूर्ण झाल्याची वेळ नोंदवलेली असली पाहिजे. ती वेळ डेटाबेसच्या सर्व्हरच्या घड्याळाशी जुळते का, हे आधीच पाहून ठेवा. स्टोरेज यूटीसीवर आणि सर्व्हर भारतीय वेळेवर असेल, तर साडेपाच तासांचा फरक आज्ञेत लिहिताना मिळवावा लागतो.